तुम्ही विचारलंत : डॉक्टरांना नेमकं काय काय सांगायचं?

प्रश्न : मी ट्रान्स स्त्री, वय 26, सोलापूर. डॉक्टर नको ते विचारतात म्हणून मेडिकलमधून माला-डी आणून रोज चार गोळ्या घेते. रक्तात इस्ट्रॅडिऑल (मुख्य स्त्री-हार्मोन) तपासलं तर कमीच आलं. गोळ्या वाढवू का? हल्ली डावी पोटरी दुखते.

आधी पोटरीचं बघा. ती उजवीपेक्षा सुजलेली, गरम किंवा दाबल्यावर दुखरी असेल तर आजच रुग्णालयात जाऊन पायाची डॉप्लर सोनोग्राफी करून घ्या. शिरेत रक्ताची गुठळी असेल तर त्यात दिसते. तोवर गोळ्या बंद. पोटरीला मालिश अजिबात नको. दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ 108 ला फोन.

आता गोळ्यांचं. माला-डी या गर्भनिरोधक गोळीच्या पाकिटात 28 गोळ्या असतात, त्यातल्या 7 नुसत्या लोहाच्या. बाकीच्या 21 मध्ये प्रत्येकी 0.03 मिलिग्रॅम एथिनिल इस्ट्रॅडिऑल आणि 0.15 मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल. हे एथिनिल इस्ट्रॅडिऑल म्हणजे कृत्रिम स्त्री-हार्मोन. ते यकृतात लवकर मोडत नाही, उलट रक्त गोठवणारे घटक वाढवतं. चार गोळ्या म्हणजे तो धोका चौपट मात्रेनं ओढवून घेणं. विडी-सिगारेट असेल तर आणखीच. आणि तुमचा रिपोर्ट कमी आला त्याचं कारण वेगळंच आहे : लॅबची इस्ट्रॅडिऑल चाचणी एथिनिल इस्ट्रॅडिऑल मोजतच नाही. हा रिपोर्ट बघून गोळ्या वाढवणाऱ्या अनेकजणी असतात, म्हणून जरा लांबण लावली.

एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोनतज्ज्ञाकडे) जाताना रिकामी पाकिटं सोबत न्या. तोंडानं घ्यायचं साधं इस्ट्रॅडिऑल साधारण रोज 2 ते 6 मिलिग्रॅम देतात. गुठळीचा इतिहास असेल तर त्वचेवरचा पॅच किंवा जेल बरा. लक्ष्य असतं इस्ट्रॅडिऑल दर मिलिलिटरला 100 ते 200 पिकोग्रॅम आणि टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) दर डेसिलिटरला 50 नॅनोग्रॅमच्या खाली. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी तपासणी. टेस्टोस्टेरॉन रोखणारं स्पायरोनोलॅक्टोन दिलं तर पोटॅशियमही बघायला हवं, विशेषतः बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर. निर्वाण (लिंग व अंडकोष काढणं) झालं असेल तर ते आवर्जून सांगा. अंडकोष नसतील तर टेस्टोस्टेरॉन रोखणाऱ्या औषधाची गरजच उरत नाही. मात्र सगळेच हार्मोन सोडून दिले तर हाडं ठिसूळ होतात.

प्रश्न : मी ट्रान्स पुरुष, वय 34, पुणे. आधारवर ‘पुरुष’. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं चालू आहेत. फायब्रॉइडमुळे गर्भाशय काढायचं ठरलं, पण ‘पुरुषाला ही शस्त्रक्रिया लागू नाही’ म्हणत विम्याचं कॅशलेस नाकारलं.

टीपीएच्या (विमा कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या संस्थेच्या) संगणकात लिंग आणि शस्त्रक्रियेचा कोड जुळत नाही, की फाइल परत येते. तुमचा आजार बहुधा कुणी वाचलेलाही नसतो. सर्जनकडून एका पानाचं पत्र घ्या : रुग्ण ट्रान्स पुरुष आहे, गर्भाशय व बीजकोष शरीरात आहेत, शस्त्रक्रियेचं कारण फायब्रॉइड, लिंगबदल नव्हे. हे शेवटचं वाक्य विसरायचं नाही. सोबत सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि ट्रान्सजेंडर प्रमाणपत्र जोडून पुन्हा मंजुरी मागा. नकार आलाच तर लेखी घ्या. कंपनीच्या तक्रार विभागानं दाद दिली नाही तर वर्षभरात विमा लोकपालांकडे जाता येतं. पुण्यात कार्यालय आहे, फी नाही.

गर्भाशयमुख राहणार असेल तर त्याची तपासणीही चालू ठेवावी लागेल. टेस्टोस्टेरॉननं तिथली त्वचा पातळ होते आणि पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) ‘अपुरा नमुना’ म्हणून परत येतो. लॅबच्या फॉर्मवर ‘टेस्टोस्टेरॉन चालू’ लिहायला लावा, छोटा स्पेक्युलम (तपासणीसाठी योनीमार्ग उघडा ठेवणारं उपकरण) मागा. हिमोग्लोबिन पुरुषांच्या मापानं वाचायचं. हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) 54 टक्क्यांवर गेलं तर डोस कमी करावा लागतो. आणि एक : गर्भाशय आहे तोवर, पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणारच नाही, असं नाही.

प्रश्न : जखमेला टाके घालायच्या आधी ‘एचआयव्ही रिपोर्ट आणा’ म्हणतात. मग पुरुष वॉर्ड की स्त्री वॉर्ड यावर वाद.

एचआयव्ही-एड्स कायदा, 2017 प्रमाणे संमतीविना चाचणी करता येत नाही, आणि ‘चाचणी केली तरच उपचार’ अशी अटही घालता येत नाही. हातमोजे आणि सुईची काळजी प्रत्येक रुग्णासाठी घ्यायचीच असते. ट्रान्सजेंडर व्यक्ती कायदा, 2019 चं कलम 3 उपचार नाकारण्याला मनाई करतं. सरकारी दवाखान्यात अडवलं तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी अर्ज द्या. तारीख, वेळ, केसपेपर नंबर घाला आणि पोच घ्या. वॉर्डाचा प्रश्न मात्र बहुतेक ठिकाणी ड्यूटीवरच्या सिस्टरच्या समजुतीवरच सुटतो. मुंबईत जी. टी. रुग्णालयात 2023 मध्ये 30 खाटांचा वेगळा वॉर्ड सुरू झाला. इतरत्र पडदा असलेली कडेची खाट मागून घ्या.

प्रश्न : मुलगा 22 वर्षांचा, मुलगी म्हणून राहायचं म्हणतो. एक डॉक्टर ‘सहा सिटिंगमध्ये बरा करतो’ म्हणतात. नेऊ का?

नेऊ नका. असल्या ‘उपचाराला’ राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. झोप, भूक किंवा जिवाचं बरंवाईट करून घेण्याचे विचार यांसाठी मदत हवी असेल तर वेगळा मानसोपचारतज्ज्ञ बघा, तेही अपत्याला विचारूनच. आधीच्या डॉक्टरांकडे कागद राहिले असतील तर अपत्याच्या सहीनं अर्ज द्या. नोंदींच्या प्रती 72 तासांत द्याव्या लागतात. तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करता येते.