दोन्ही इंटर्नल इलियाक आर्टरी बांधल्या तरी गर्भाशय आणि मूत्राशय जिवंत कसे राहतात?

तुमची शंका अशी आहे: ओटीपोटाच्या पोकळीतल्या अवयवांना मुख्य रक्त इंटर्नल इलियाक या धमनीतून मिळतं असं शिकवतात, आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आवरेना तेव्हा नेमकी तीच दोन्ही बाजूंनी बांधतात. मग अवयव काळे का पडत नाहीत?

कारण बांधल्याने रक्त बंद होत नाही, फक्त त्याचा जोर मोडतो. स्त्रीरोगतज्ज्ञ बर्चेल यांनी १९६० च्या दशकात प्रत्यक्ष मोजमाप केलं. दोन्ही बाजू बांधल्यावर गाठीच्या पुढे नाडीचा दाब (ठोक्याच्या वरच्या आणि खालच्या दाबातला फरक) सुमारे ८५ टक्क्यांनी उतरला, प्रवाह मात्र साधारण निम्माच घटला. म्हणजे धमनी शिरेसारखी वागू लागते. ठोका नसला की गुठळी टिकते, आणि रक्तस्राव थांबतो तो या गुठळीमुळे. म्हणूनच रुग्णाचं रक्त गोठतच नसेल तर नुसतं बांधून काही साधत नाही. आधी प्लाझ्मा, फायब्रिनोजेन, प्लेटलेट्स भरून काढावे लागतात.

उरलेलं रक्त येतं आडवाटांनी. महाधमनीच्या लंबर शाखा इलिओलंबरला भेटतात, मीडियन सेक्रल लॅटरल सेक्रलला, आणि आतड्याकडून येणारी सुपीरियर रेक्टल मिडल रेक्टलला. गाठ पडली की यांपैकी गाठीच्या पुढे असलेल्या इलियाकच्या शाखांमधला प्रवाह उलटा फिरतो. गर्भाशयाची आणखी एक सोय आहे. ओव्हेरियन आर्टरी थेट महाधमनीतून, साधारण दुसऱ्या लंबर मणक्याजवळ निघते आणि गर्भाशयाच्या कोपऱ्यापाशी युटेराइनला, म्हणजे इलियाकच्या गर्भाशयाकडे जाणाऱ्या शाखेला, जुळते. तिला इलियाकच्या गाठीचा काही फरक पडत नाही. बांधल्यानंतर पाळी येते, पुढे गर्भही राहिलेले आहेत.

आता रचना. कॉमन इलियाक सॅक्रोइलियाक सांध्यासमोर दुभंगते: पायाकडे जाणारी एक्स्टर्नल इलियाक आणि ओटीपोटात उतरणारी इंटर्नल इलियाक. इंटर्नल इलियाक जेमतेम ४ सेंमी लांब. तिचे पुढे पुढचा आणि मागचा असे दोन फाटे होतात. मागच्याला तीनच शाखा: इलिओलंबर, लॅटरल सेक्रल, सुपीरियर ग्लुटिअल. युटेराइन, मूत्राशयाच्या शाखा, ऑब्ट्युरेटर, इंटर्नल प्युडेंडल, इन्फीरियर ग्लुटिअल वगैरे सगळ्या पुढच्या फाट्याच्या. शाखांचा क्रम पाठ करण्यात फार वेळ घालवू नका, तो माणसागणिक बदलतो. दोन फाटे कळले की पुरे.

गाठ कॉमन इलियाकच्या दुभाजनापासून २ ते ३ सेंमी खाली, मागचा फाटा वाचवून मारायची असते. तो बंद झाला तर नितंबाचं रक्त कमी होतं. तिथे दुखतं, क्वचित त्वचा मरते.

चुका होतात त्या आजूबाजूच्या गोष्टींमुळे. युरेटर, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणारी नळी, नेमका या दुभाजनावरून आडवा उतरतो. पेरिटोनियम (पोटाच्या पोकळीचं पातळ अस्तर) उघडल्यावर तो आतल्या पदराला चिकटून राहतो; पदरासकट मध्यरेषेकडे ओढून ठेवायचा आणि चिमट्याने हलकं टोचून त्याची वळवळ पाहायची. वळवळणारी नळी म्हणजे युरेटर, उडणारी म्हणजे धमनी. धमनीच्या मागे आणि आतल्या अंगाला इंटर्नल इलियाक शीर असते, कागदासारखी पातळ. काटकोनी क्लॅम्प बाहेरून आत घालायचा, म्हणजे टोक एक्स्टर्नल इलियाक शिरेकडे वळत नाही. शीर फाटलीच तर आंधळेपणाने क्लॅम्प मारू नका, चीर वाढते. आधी बोटाने किंवा पॅडने दाबून धरा.

दोरा कसण्याआधी धमनी नुसती दाबून मांडीची आणि पावलाची नाडी बघायला सांगा. नाडी गेली तर हातात एक्स्टर्नल किंवा कॉमन इलियाक आहे, आणि गाठ मारली तर पाय धोक्यात. नाडी ठीक असेल तर दोन गाठी मारायच्या. धमनी कापायची नाही.

रेडिओलॉजीची सोय असेल आणि रुग्ण स्थिर असेल तर एम्बोलायझेशनचा, म्हणजे कॅथेटर घालून धमनी आतून बंद करण्याचा, विचार गाठीच्या आधी करावा. एकदा इंटर्नल इलियाक बांधली की कॅथेटरची सरळ वाट बंद होते, आणि मग आडवाटांनी शिरणं फार जिकिरीचं.