वाचकांचे प्रश्न : अपाचे, त्यांची घरं आणि मुलींचा सोहळा

प्रश्न : मुलीला शाळेच्या प्रदर्शनासाठी अपाचे लोकांच्या घराचं मॉडेल करायचं आहे. शंकूसारखा चामड्याचा तंबू आणि माणसाच्या डोक्यावर पिसांचा मोठा मुकुट, असं चालेल ना? (एक पालक, लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : आधी गट ठरवा. अपाचे म्हणजे अमेरिकेच्या नैऋत्येतले मूलनिवासी, पण ही एकच एक जमात नाही. अॅरिझोनातले पश्चिमी अपाचे, त्यांच्या आग्नेयेला चिरिकाहुआ, न्यू मेक्सिकोतले मेस्कालेरो आणि हिकारिया, टेक्सासकडचे लिपान आणि मैदानी अपाचे हे सगळे भाषेने एकमेकांचे नातलग. नवाहोही त्याच भाषाकुळातले. तंबू अमेरिकेच्या मधल्या गवताळ मैदानांशी संबंध असलेल्या गटांचा, त्यामुळे हिकारिया दाखवणार असाल तर तो चालेल. मुकुट मात्र काढाच, तो सू वगैरे मैदानी जमातींचा. अपाचे पुरुषाच्या कपाळाला कापडी पट्टी बांधा आणि पायात उंच चामडी जोडे घाला.

आमचं मत विचाराल तर चिरिकाहुआंचं घुमटाकार घर करा. मूळ घर साधारण ८ फूट व्यासाचं, मध्यभागी ७ फूट उंच. ओक किंवा विलोचे वासे फूटभर अंतरावर रोवून वर वाकवून बांधलेले. ते उभारायचं काम बायकांचं. एक दशांश मापाने २४ सेंमीचं वर्तुळ आखा आणि ३५ सेंमीच्या २२-२३ काड्या दर ३ सेंमीवर रोवा. दोन काड्यांची जागा दारासाठी मोकळी ठेवा. काड्या ओल्या फांद्यांच्याच हव्यात. झाडूच्या वाळक्या काड्या वाकवताना तटकन मोडतात. वर धुरासाठी भोक राहू द्या, चूल त्याच्या बरोबर खाली येते. गवताच्या जुड्या खालून वर बांधत जा, म्हणजे वरची जुडी खालचीवर येईल. बहुतेक मुलं वरून सुरुवात करतात. मग सांधे उलटे पडतात आणि परीक्षकांनी पाणी शिंपडलं की सगळं आत. मूळ दोरी युक्का या वाळवंटी झुडपाच्या पानांची असे, तुम्ही सुतळीचा एकेक पदर काढून वापरा.

प्रश्न : अपाचे मुलींचा 'सूर्योदय सोहळा' म्हणजे आपल्याकडच्या ऋतुशांतीसारखंच काही का? (एक वाचिका, रामबाग)

उत्तर : निमित्त तेच, पहिली पाळी. पण आपल्याकडे न्हाण आलेल्या मुलीला मखरात बसवत. तिथे मुलगी चार दिवस नाचते, धावते, घाम गाळते. पश्चिमी अपाचेंमध्ये घरचे लोक कित्येक महिने तयारी करतात. नात्याबाहेरची एक कर्तबगार बाई मुलीची धर्ममाता होते, आणि त्यातून दोन घरं जन्मभराची जोडली जातात. मुलीच्या कपाळावर अबालोनी या समुद्री गोगलगायीचा शिंपला, हातात घुंगरं लावलेली काठी. उगवतीकडे तोंड करून ती मृगाजिनावर नाचते. मग पालथी झोपते आणि धर्ममाता तिचं अंग चोळते, कारण या दिवसांत तिचा देह मऊ मातीसारखा घडवता येतो अशी श्रद्धा आहे. पुढे काठी रोवतात आणि मुलगी तिला वळसा घालून धावत येते. असं चारदा, प्रत्येक धाव आयुष्याच्या एका टप्प्याची. नंतर चारही दिशांना धावते. या काळात पाणी नळीतून प्यायचं, खाजवायचं तर काडीने. शेवटी पाणकणसाचा पिवळा पराग लावून आशीर्वाद देतात. या दिवसांत मुलीत 'बदलती स्त्री' या आदिमातेची शक्ती असते, म्हणून लोक तिच्याकडूनही आशीर्वाद घेतात.

रात्री मुखवटे घालून नाचतात ते 'गान', डोंगरातले दैवी आत्मे. स्नेहसंमेलनात या नाचाची नक्कल करू नका; ते मुखवटे पूजेतले आहेत.

प्रश्न : कुंपणाला घायपात आहे. अपाचे ती भाजून खातात म्हणे, आपणही भाजावी का? (सुदामा नगर)

उत्तर : नको. कच्च्या रसाने हात आणि तोंड दोन्ही सुजतील, आणि कुंपणाची जात ती नव्हेच. ते लोक मुख्यतः पॅरी घायपातीचा गड्डा फुलोऱ्याचा दांडा वर येण्याच्या सुमारास काढतात. पानं छाटतात, तापलेल्या दगडांच्या खड्ड्यात ठेवून वर ओलं गवत आणि माती टाकतात. एक ते चार दिवस भट्टी उघडायची नाही. मधेच उघडली तर वाफ जाते, गड्डा अर्धकच्चा आणि झोंबरा राहतो. नीट शिजला की तो गूळचट लागतो. मग कुटून, पोळ्यांसारखा थापून वाळवतात.

प्रश्न : जेरोनिमोनंतर अपाचे संपले का? (एक विद्यार्थी)

उत्तर : नाही. जेरोनिमो हा अमेरिकी सैन्याशी लढलेला चिरिकाहुआ पुढारी. १८८६ मध्ये तो शरण आला. त्याच्याबरोबर बहुतेक चिरिकाहुआंना युद्धकैदी केलं, त्यांत अमेरिकी सैन्याचे वाटाडे म्हणून काम केलेलेही होते. फ्लोरिडा, अलाबामा आणि १८९४ पासून ओक्लाहोमातलं फोर्ट सिल, अशी ही कैद १९१३ पर्यंत चालली. जेरोनिमो तिथेच १९०९ मध्ये वारला. सुटल्यावर बरेच जण मेस्कालेरोंकडे गेले, थोडे ओक्लाहोमातच राहिले. आज पश्चिमी अपाचेंपैकी सान कार्लोस आणि व्हाइट माउंटन, शिवाय हिकारिया, मेस्कालेरो या सगळ्यांची स्वतःची निवडून आलेली सरकारं आहेत.