उत्तरेच्या बेडरूमला फिकट राखाडी की आयव्हरी?

तुम्ही विचारलंय, उत्तरेला एकच खिडकी असलेल्या दहा बाय अकराच्या बेडरूमला फिकट राखाडी द्यावा की आयव्हरी. आयव्हरी द्या. राखाडी देऊन पस्तावलेला माणूस सांगतोय.

आमचीही खोली उत्तरेचीच. शेडकार्डवर तो राखाडी इतका सोज्वळ दिसला की पेंटर म्हणत होता, "साहेब, आधी थोडा लावून बघू," ते मी कानाआड केलं. दोन हात मारून झाले, सकाळी बघतो तर भिंती निळसर! पावसाळ्यात तर लोखंडी कपाटाच्या आत झोपल्यासारखं वाटायचं.

उत्तरेच्या खिडकीतून वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही, येतो तो आभाळाचा निळसर उजेड. राखाडीत निळ्याची झाक असली की या उजेडात नेमकी तीच वर येते. आयव्हरीचा पिवळेपणा मात्र त्यात मरतो आणि भिंत नुसती उबदार पांढरी दिसते. खोली पश्चिमेची असती तर मी उलट सांगितलं असतं, कारण चारच्या उन्हात आयव्हरी पार तुपासारखा पिवळा होतो.

रात्री कोणता दिवा लावता तेही बघा. 6500 केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली राखाडी आणखी गार पडतो. 3000 केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली आमच्या हिला दोन्ही रंगांत फरकच दिसेना.

तरी माझ्या सांगण्यावर जाऊ नका, सॅम्पलचे छोटे डबे आणा. रंग थेट पुट्टीवर लावू नका, ती शोषून घेते आणि डाग फसवा दिसतो. जाड पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा, कडेने दोन बोटं पांढरी जागा सोडा म्हणजे भिंतीचा जुना रंग नजरेत मिसळणार नाही. पूर्ण सुकू द्या, इमल्शन सुकल्यावर गडद होतं. मग एकदा खिडकीच्या भिंतीला (तीच सगळ्यात अंधारी) आणि एकदा समोरच्या भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी, रात्री बघा. चारही भिंती रंगल्या की त्या एकमेकींवर रंग टाकतात, त्यामुळे पुठ्ठ्यावर दिसतो त्याहून खोलीत गडदच वाटणार.

राखाडीवरच जीव अडकला असेल तर तपकिरी झाक असलेला घ्या, तोही शेडकार्डवर एक घर फिका. फरशी कोणती ते तुम्ही लिहिलं नाहीत. हिरवट कोटा असेल तर मात्र राखाडीचा विचार सोडाच.