राजीनामा नेमका कधी द्यायचा? परदेशी विद्यापीठात संशोधनाला निघालेल्यांची प्रश्नोत्तरे

परदेशातल्या विद्यापीठात संशोधक म्हणून रुजू व्हायला निघालेल्या वाचकांचे बरेच प्रश्न साठले होते. त्यातले सात इथे घेतले आहेत. पत्रं वाचताना एक लक्षात आलं: विचारणारा कागदाबद्दल विचारतो, पण त्याचं घोडं अडलेलं असतं तारखेपाशी.

प्रश्न: प्राध्यापकांची मेल आली, ‘आमच्या गटात स्वागत आहे, १ ऑक्टोबरपासून या.’ सध्याच्या नोकरीत तीन महिन्यांचा नोटीस पिरियड आहे. आजच राजीनामा देऊ का?

नको. प्राध्यापक शब्दाचे पक्के असतीलही, पण नेमणूक विद्यापीठ करतं. त्या मेलनंतर फाइल मनुष्यबळ विभागाकडे जाते, निधी तपासला जातो, वेतनश्रेणी ठरते, कुठे कुठे एखाद्या समितीची सही लागते. मग करार. आणि करारानंतर तो कागद, ज्याच्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही. अमेरिकेच्या जे-१ (देवाणघेवाण कार्यक्रमाच्या) व्हिसासाठी तो डीएस-२०१९ फॉर्म, ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप. युरोपियन युनियनच्या बहुतेक देशांत २०१६च्या निर्देशानुसार संशोधकांसाठी वेगळा परवाना आहे, त्यासाठी विद्यापीठाचं होस्टिंग ॲग्रीमेंट (यजमान म्हणून लिहून दिलेली हमी) किंवा नोकरीचा करार लागतो. ब्रिटनला निघाला असाल आणि विषय भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी असा संवेदनशील असेल, तर काही देशांच्या नागरिकांना व्हिसाच्या आधी एटास नावाचं मंजुरीपत्रही घ्यावं लागतं. त्यात आणखी काही आठवडे जातात.

पहिल्या खेपेला मी स्वतः मेलच्या भरवशावर राजीनामा टाकला होता. व्हिसाची मुलाखत सुरळीत झाली आणि मग अर्ज ‘प्रशासकीय तपासणी’त जाऊन बसला. अकरा आठवडे. ना जुना पगार, ना नवा. रोज सकाळी उठून स्टेटसचं पान उघडायचं, एवढंच काम उरलं होतं. म्हणून माझा हिशेब साधा आहे: सही झालेला करार हातात येईपर्यंत गप्प बसायचं, आणि जमत असेल तर व्हिसा लागल्यावरच राजीनामा द्यायचा. नोटीस लांब असेल तर प्राध्यापकांना आजच कळवा की १ ऑक्टोबर जमणार नाही, १ जानेवारी धरा. करारावर सही होण्याआधी तारीख बदलणं एका मेलचं काम असतं. सही झाल्यावर तेच काम चार विभागांतून फिरतं.

आणखी एक विचारून घ्या: ही नोकरी आहे की स्टायपेंड? रक्कम सारखी दिसली तरी फरक मोठा असतो. उदाहरणार्थ, जर्मनीत कराराने नोकरीवर घेतलं तर आरोग्य विमा, पेन्शन, बेरोजगारी विमा यांत विद्यापीठ आपला वाटा भरतं. स्टायपेंडवर असाल तर विमा तुमचा तुम्ही काढायचा, आणि पेन्शनच्या खात्यात काही पडत नाही. मूल होणार असेल तर हा फरक फारच जवळून कळतो.

प्रश्न: पीएचडीचा व्हायवा (तोंडी परीक्षा) झाला, पण पदवी दीक्षान्त समारंभानंतर मिळेल. तोपर्यंत कसं? आणि अपोस्टिल कशाकशावर घ्यायचं?

व्हायवा यशस्वी झाल्याचं, पदवीसाठी शिफारस झाल्याचं आणि ती कोणत्या तारखेपासून धरली जाईल याचं पत्र कुलसचिवांच्या सहीने घ्या. गाइडच्या सहीचं पत्र पुष्कळदा चालत नाही. विद्यापीठं असं पत्र सहसा मान्य करतात, पण वेतनश्रेणी त्यावर अवलंबून असेल तर आधी विचारून ठेवा. काही ठिकाणी पदवी हातात येईपर्यंत खालच्या श्रेणीवर ठेवतात.

अपोस्टिल म्हणजे १९६१च्या हेग करारानुसार मिळणारा शिक्का. तो सांगतो एवढंच, की कागदावरची सही आणि मोहोर खरी आहे. आत काय लिहिलंय याची तो हमी देत नाही. दोन्ही देश करारात असतील आणि एकाने दुसऱ्याच्या प्रवेशाला हरकत घेतलेली नसेल, तर दूतावासाच्या फेऱ्या वाचतात. चीन नोव्हेंबर २०२३मध्ये आणि कॅनडा जानेवारी २०२४मध्ये यात आले, त्यामुळे या दोन देशांबद्दलचे जुने सल्ले नव्याने तपासून घ्या. सगळी फाइल अपोस्टिल करत सुटू नका. पदवी, विवाहाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले एवढ्यांवर बहुतेकांचं भागतं, आणि तेही तिकडून मागितलं तरच. भाषांतर लागणार असेल तर अपोस्टिल आधी, भाषांतर नंतर. म्हणजे शिक्क्याचंही भाषांतर होतं.

आणि हौसेने लॅमिनेट केलेली पदवी! तिच्यावर ना शिक्का बसतो, ना मागचं पान चिकटतं. बरीच कार्यालयं ती सरळ परत करतात. प्लास्टिक सोलायला जाऊ नका, शाई त्याच्याबरोबर निघून येते. डुप्लिकेट प्रतीसाठी आजच अर्ज करा, त्याला वेळ लागतो. जाता जाता पासपोर्ट, पदवी आणि विवाहाचा दाखला समोरासमोर ठेवून नावाचं स्पेलिंग अक्षरन्‌अक्षर जुळवून बघा.

प्रश्न: नवरा इथे नोकरी करतो. माझ्या व्हिसावर तो तिकडे काम करू शकेल का?

देश बदलला की उत्तर बदलतं. जर्मनीत संशोधकाच्या किंवा ब्लू कार्डधारकाच्या (उच्चशिक्षित नोकरदारांसाठीचा युरोपियन परवाना) जोडीदाराला राहण्याच्या परवान्याबरोबरच कामाची मुभा असते, आणि एरवी मागतात तो जर्मन भाषेचा दाखलाही या दोघांच्या जोडीदारांना माफ आहे. ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्करच्या जोडीदारालाही काम करता येतं. अमेरिकेत तुम्ही जे-१वर असाल तर नवरा जे-२वर जाईल. त्याला तिथे पोचल्यावर कामाच्या परवान्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल आणि कार्ड यायला काही महिने लागू शकतात. तोवर पगारी काम नाही, इथल्या कंपनीचं काम ‘रिमोट’ करण्याबद्दलही आधी नीट चौकशी करा. एच-१बी हा नोकरीचा व्हिसा मिळाला तर नवरा एच-४वर, आणि तिथे ग्रीन कार्डची प्रक्रिया बरीच पुढे गेल्याशिवाय काम मिळत नाही. म्हणजे तुमच्यासाठी ‘वरचा’ वाटणारा व्हिसा घरासाठी वाईट ठरू शकतो.

परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळाली असं नाही. डॉक्टर, वकील, शिक्षक, नर्स यांना स्थानिक नोंदणी लागते आणि तिला वर्ष सहज जातं. वाटाघाटी चालू असताना ‘जोडीदारासाठी काही सोय आहे का’ हे बिनधास्त विचारा. बऱ्याच विद्यापीठांत त्यासाठी खास विभाग असतो. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

प्रश्न: जे-१वर गेलं की नंतर दोन वर्षं मायदेशी राहावंच लागतं, असं सगळे म्हणतात. खरं का?

सगळे म्हणतात, पण दोन वेगळे नियम एकत्र करून म्हणतात.

पहिला नियम अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यातल्या कलम २१२(ई)चा. तो सरसकट नसतो. फेलोशिपचा पैसा तुमच्या किंवा अमेरिकेच्या सरकारचा असेल, तुमचा विषय तुमच्या देशासाठीच्या ‘स्किल्स लिस्ट’मध्ये (मायदेशाला ज्या कौशल्यांची गरज आहे त्यांची यादी) असेल, किंवा तुम्ही वैद्यकीय पदव्युत्तर प्रशिक्षणाला जात असाल, तर तो लागतो. लागला तर दोन वर्षं मायदेशी राहिल्याशिवाय किंवा सूट मिळाल्याशिवाय नोकरीचे एच, एल व्हिसा आणि ग्रीन कार्ड बंद. ही यादी डिसेंबर २०२४मध्ये बदलली आणि बरेच देश तिच्यातून बाहेर पडले, म्हणून सीनियरच्या अनुभवावर जाऊ नका. व्हिसावर आणि डीएस-२०१९वर काय नोंदवलंय ते बघा. शंका राहिली तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडून लेखी अभिप्राय मागवता येतो.

दुसरा नियम २४ महिन्यांचा. रिसर्च स्कॉलर म्हणून तुमचा कार्यक्रम संपला, की पुढचे २४ महिने त्याच प्रकारात परत जाता येत नाही. ‘आधी आठ महिने जाऊन बघतो, आवडलं तर पुन्हा येतो’ म्हणणारे यात अडकतात. या प्रकारात एकूण पाच वर्षं मिळतात, पण आठ महिन्यांनी कार्यक्रम बंद केला तर उरलेली वर्षं शिल्लक राहत नाहीत. थोडक्यासाठीच जायचं असेल तर ‘शॉर्ट-टर्म स्कॉलर’ हा सहा महिन्यांपर्यंतचा प्रकार आहे, त्याबद्दल विद्यापीठाला विचारा.

प्रश्न: किती पैसे जवळ ठेवू? आणि घर आधी बघू की गेल्यावर?

पगार नाही असं समजून दोन महिने निघतील इतके ठेवा. पगार महिन्याच्या शेवटी होतो, आणि पगारपत्रक बंद झाल्यावर रुजू झालात तर पहिला पगार थेट पुढच्या महिन्यात. त्यातच घराचं डिपॉझिट. जर्मनीत ते मूळ भाड्याच्या तीन पटींपर्यंत असू शकतं. प्रवासखर्च विद्यापीठ देणार असलं तरी बहुधा तो आधी तुमच्या खिशातून जातो आणि पावत्या दाखवल्यावर परत येतो. बोर्डिंग पास जपून ठेवा, तोही मागतात.

घराचं म्हणाल, तर पहिले एकदोन महिने विद्यापीठाचं अतिथिगृह मिळवण्यासाठी हात जोडा. न पाहिलेल्या घरासाठी आगाऊ पैसे पाठवू नका. ‘मी सध्या परदेशात आहे, किल्ली कुरियरने पाठवतो’ म्हणणारा मालक चोर असतो, कायम. तात्पुरती खोली घेताना तिथे नोंदणी होईल का, हे आधी विचारा. जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाची सही असलेला फॉर्म लागतो. तो देत नसेल तर पत्ता नाही, आणि कर क्रमांकापासून बँकेपर्यंत पुढचं बरंच काही रखडतं.

नेदरलँड्सला जाणाऱ्यांना एक तारखेचीच गोष्ट. तिथे परदेशातून आणलेल्या तज्ज्ञांच्या पगाराचा काही भाग करमुक्त धरतात, पण माणूस बाहेरून भरती झालेला हवा: आधीच्या २४ महिन्यांपैकी १६हून अधिक महिने डच सीमेपासून १५० किलोमीटरपलीकडे राहिलेला. पाहुणा म्हणून आधी जाऊन बसलात आणि करार तिथे केलात, तर ही सवलत हातची जाऊ शकते. युरोपियन युनियनच्या मारी क्युरी फेलोशिपचा नियमही याच जातीचा आहे. अर्जाच्या मुदतीआधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेला माणूस तिथल्या युरोपियन फेलोशिपला अपात्र ठरतो.

प्रश्न: रोजची औषधं वर्षभराची नेली तर चालतील?

बहुधा नाही. जपानमध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं साधारण एक महिन्याचीच परवानगीशिवाय नेता येतात. जास्त हवी तर आधी परवाना काढायचा. एडीएचडी या लक्ष एकाग्र न होण्याच्या विकारासाठी दिली जाणारी ॲम्फेटामाइन असलेली औषधं तर चिठ्ठी असली तरी तिथे चालतच नाहीत. चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, गोळ्या मूळ पाकिटात ठेवा, आणि दूतावासाच्या पानावर आपलं औषध शोधा.

प्रश्न: पाच वर्षं जोपासलेल्या सेल लाइन (प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी) आणि सगळा डेटा बरोबर न्यायचा आहे. बॅगेत चालेल ना?

नाही! डिसेंबर २०१९मध्ये बॉस्टनच्या विमानतळावर देश सोडून निघालेल्या एका संशोधकाच्या बॅगेत मोज्यात गुंडाळलेल्या २१ कुप्या सापडल्या. पुढे त्याने कबूल केलेला गुन्हा होता अधिकाऱ्यांशी खोटं बोलल्याचा. नमुने न्यायचे तर दोन संस्थांमध्ये मटेरियल ट्रान्सफर ॲग्रीमेंट (नमुने देण्याघेण्याचा करार) व्हायला हवं, आयात परवाना हवा आणि ते कुरियरनेच जायला हवेत. वनस्पती, सूक्ष्मजीव किंवा प्राण्यांचे नमुने निसर्गातून गोळा केलेले असतील तर जैविक साधनांच्या वापराबद्दलचा, २०१४पासून लागू असलेला नागोया प्रोटोकॉल हा आंतरराष्ट्रीय करारही बघावा लागतो. याला महिने लागतात, म्हणून करार हातात आल्याच्या आठवड्यातच सुरुवात करा.

डेटा आणि लॅब नोटबुकं सहसा संस्थेच्या मालकीची असतात. काय नेऊ शकता, अर्धवट पेपरांवर लेखकांचा क्रम काय राहील, हे गाइडकडून मेलवर लिहून घ्या. निरोप समारंभाच्या आधी घ्या, नंतर उत्तरं फार सावकाश येतात.

आणि संस्थेचा मेल आयडी शेवटच्या दिवशी बंद होईल हे धरून चाला. ऑर्किड (संशोधकांचा ओळख क्रमांक, ORCID), जर्नलांची खाती, गिटहब यांवर खासगी मेल आजच घाला. तुमचा जुना फोन नंबर मात्र चालू ठेवा, रोमिंगसह. नव्या देशात उतरल्यावर तुम्ही पहिल्यांदा पैसे पाठवाल तेव्हा बँक ओटीपी त्याच नंबरवर पाठवणार आहे.