हप्ता सारखाच, मग स्पोर्ट का नको?

प्रश्न थोडक्यात असा: एका वाचकाला पहिली गाडी घ्यायची आहे. छोटी हॅचबॅक, मॉडेल ठरलेलं. अडलंय ते त्याच मॉडेलची बेस, म्हणजे सगळ्यात साधी आवृत्ती घ्यावी, की स्पोर्ट, म्हणजे वरची महाग आवृत्ती, यावर. रोज जाऊन-येऊन ४४ किलोमीटरचा प्रवास, बराचसा गर्दीतला. शोरूममधल्या माणसाने सांगितलं, ‘बेस पाच वर्षांच्या कर्जावर घेतलीत तर जो हप्ता बसतो, तोच स्पोर्टला सात वर्षांच्या कर्जावर बसतो. खिशाला फरक काहीच नाही.’ बायकोचं मत बेसच्या बाजूने आहे. वाचक विचारतात: हप्ता तोच असेल, तर उगाच मन का मारायचं?

मन मारायला मी सांगणार नाही. पण ‘खिशाला फरक काहीच नाही’ हे वाक्य आधी तपासू. तुमचा सगळा घोळ त्या एका वाक्यात आहे.

तुमचे आकडे मी बेसची किंमत १०० धरून बदलून घेतलेत. त्या मापाने स्पोर्ट ११७, तुमची बचत ५५, हातात येणारा पगार महिना ८ आणि घरखर्च ५. डाऊन पेमेंट ४० देणार म्हणता. म्हणजे बेससाठी कर्ज ६०, स्पोर्टसाठी ७७. व्याजदर दोन्हीकडे ९ टक्के.

बेस, पाच वर्षं: हप्ता १.२५. स्पोर्ट, सात वर्षं: हप्ता १.२४. सेल्समन खोटं बोलला नाही. उलट स्पोर्टचा हप्ता केसभर कमीच आहे, आणि हे त्याने सांगितलं नसेल तर मला नवल वाटेल.

आता एकूण भरणा बघा. बेसचे ६० हप्ते मिळून ७४.७ जातात, स्पोर्टचे ८४ हप्ते मिळून १०४.१. फरक २९.४. किमतीतला फरक होता १७. वरचे साडेबारा कशाचे? जास्त कर्ज आणि ते जास्त वर्षं वागवल्याचे.

हेच जरा वेगळ्या बाजूने सांगतो, कारण माझ्यासमोर बसणाऱ्या लोकांना एकूण व्याजाचा आकडा फारसा टोचत नाही. तो दूर कुठेतरी असतो. तर असं धरा की तुम्ही स्पोर्ट घेतली आणि पहिली दोन वर्षं एकही हप्ता न चुकवता भरलात. चोवीस हप्ते झाले. बँकेकडून कर्जाचा उतारा मागवलात तर बाकी किती दिसेल? ५९.७. म्हणजे बेस घेणारा माणूस पहिल्या दिवशी जिथे उभा होता, तिथे तुम्ही दोन वर्षांनी पोचलात. तोपर्यंत गाडीही दोन वर्षं जुनी झालेली.

पाच वर्षांनी बेसवाल्याचं कर्ज शून्य, तुमचं अजून २७. बेसवाल्याने पुढचे २४ महिने तोच हप्ता गाडीऐवजी बचतीत टाकला, तर व्याज न धरताही त्याच्याकडे ३० जमतात. ‘पण स्पोर्टला पुनर्विक्रीत जास्त किंमत मिळते’ हेही तुम्हाला ऐकवलं असेल. थोडी मिळेल, मान्य. पण जी गाडी नवी असताना १७ ने महाग होती, ती सात वर्षांची झाल्यावर ३० ने महाग विकली जाणार नाही. जुनी गाडी घेणारा आधी किती किलोमीटर पळाली ते बघतो, ठोकलेली आहे का ते बघतो, सर्व्हिसिंगचं पुस्तक मागतो. बंपरखालची पट्टी कुठल्या ट्रिमची, म्हणजे बेसची की स्पोर्टची, हा विचार त्यानंतरचा.

‘सात वर्षांचं कर्ज घेऊ, मग लवकर फेडू’ हाही मार्ग तुम्ही लिहिलाय. फेडा की, पण कशातून? त्यासाठी पगारातून काही उरायला हवं. पगार ८, घरखर्च ५, हप्ता १.२५, आणि पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग मिळून महिना ०.८ धरलं, तर उरतो जेमतेम १. डाऊन पेमेंटनंतर हातात राहणारी १५ ची बचत आज तीन महिन्यांच्या घरखर्चाला पुरते. गाडी आली की महिन्याचा खर्च सातच्या पुढे जातो, आणि तेच १५ दोन महिनेच पुरतात. माझ्या हिशेबाने महिन्याला उरणारा तो १ पहिली दोन वर्षं याच खड्ड्यात जायला हवा. मुदतपूर्व परतफेडीची पाळी त्यानंतर. शिवाय सात वर्षांच्या कर्जात पहिल्या हप्त्याचा जवळजवळ निम्मा भाग नुसता व्याजात जातो, हेही लक्षात असू द्या.

पैशाचं झालं. आता १७ देऊन मिळतं काय ते बघू, कारण ‘स्पोर्ट’ या शब्दाचा अर्थ गाडीगणिक बदलतो. २०१७ मध्ये आलेल्या सुझुकी स्विफ्ट स्पोर्टमध्ये १.४ लिटरचं, १४० हॉर्सपॉवरचं टर्बो इंजिन होतं. साध्या स्विफ्टपेक्षा ती खरोखरच वेगळी गाडी होती. याउलट अमेरिकेत २००७ चं मॉडेल म्हणून विकली गेलेली होंडा फिट बघा. बेस असो की स्पोर्ट, बॉनेटखाली तेच १.५ लिटरचं १०९ हॉर्सपॉवरचं इंजिन. स्पोर्टमध्ये १४ ऐवजी १५ इंची अलॉय चाकं, मागे स्पॉयलर, फॉग लॅम्प, क्रूझ कंट्रोल वगैरे. वाईट गाडी नव्हे ती. पण नाव वाचून जे डोळ्यांसमोर येतं, ते त्यात नव्हतं.

तुम्ही पाठवलेल्या यादीवरून तुमची गाडी या दुसऱ्या जातीची आहे. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच. एअरबॅग दोन्हींत तितक्याच, ईएससी, म्हणजे गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा, दोन्हींत आहे. हे मी दोनदा तपासलं, कारण बेसमध्ये एअरबॅग कमी असत्या किंवा ईएससी नसतं, तर मी हिशेबाची वही मिटवून वरची घ्या म्हणालो असतो. या गोष्टी मागाहून बसवून मिळत नाहीत.

राहता राहिलं काय, तर बॉडी किट, लाल शिलाईच्या सीट, मोठा स्क्रीन, एलईडी हेडलॅम्प, उंची कमी-जास्त होणारी ड्रायव्हर सीट आणि १७ इंची चाकं.

चाकांवर जरा थांबतो, कारण शोरूममध्ये नजर तिथेच खिळते. बेसला टायर आहे १८५/६५ आर१५, स्पोर्टला २०५/४५ आर१७. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के टायरची बाजू उंच, आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. हिशेब केला तर दोन्ही चाकांचा बाहेरचा व्यास जवळपास सारखाच येतो, ६२० मिलिमीटरच्या आगेमागे. बदललं ते आतलं: बेसच्या टायरची रबरी भिंत १२० मिलिमीटर उंच, स्पोर्टची ९२. खड्ड्याचा दणका आधी ही भिंत खाते. ती जितकी बुटकी, तितका तो दणका रिमला आणि तुमच्या कमरेला. मोकळ्या वळणावर बुटका टायर छान वाटतो, स्टीअरिंगला गाडी चटकन उत्तर देते. पण तुमचे ४४ किलोमीटर गर्दीतले आहेत. तिथे वळणं कमी, खड्डे आणि ब्रेकच जास्त.

आणि टायर झिजतात. सुट्टीतलं फिरणं धरून तुमचे वर्षाला १४ हजार किलोमीटर सहज होतील. एक जोड साधारण ४० हजार चालतो असं धरलं, तर सात वर्षांत दोनदा चारही टायर बदलावे लागतील. दुकानात १५ इंची आणि १७ इंची टायरचा भाव विचारून या. ब्रोशरमध्ये हा खर्च छापत नाहीत.

यादीतल्या बाकीच्या गोष्टींत माझा जीव अडकला तो फक्त ड्रायव्हर सीटच्या उंचीत. हसू नका. रोज दोन तास त्या सीटवर तुम्ही बसणार आहात. मी स्वतः एकदा छताला उघडणारी काच आहे म्हणून वरची ट्रिम घेतली होती. पहिल्या महिन्यात ती काच रोज उघडली, पुढच्या वर्षभरात दोनदा. त्याच गाडीत कमरेला आधार देणारी सीट मात्र रोज वापरली, जिच्याकडे घेताना माझं लक्षही नव्हतं. तेव्हा बेसमध्ये तब्येतीत अर्धा तास बसून बघा. शोरूमच्या फरशीवर नाही, रस्त्यावर, तुमच्या नेहमीच्या वाटेने. समोरचं नीट दिसत नसेल किंवा पाय अवघडत असतील, तर बेस आणि स्पोर्टच्या मधली एखादी ट्रिम आहे का ते विचारा. बहुतेक वेळा असते, पण सेल्समन आपणहून दाखवत नाही. त्याला सगळ्यात खालची आणि सगळ्यात वरची समोरासमोर ठेवायला आवडतं, म्हणजे खालची आणखीच उघडीबोडकी दिसते.

मोठा स्क्रीन नंतर बसवता येतो, मागचा कॅमेराही. फक्त वायरिंग कापावं लागणार असेल तर वॉरंटीचं काय होतं ते लेखी विचारून घ्या.

तर माझा कौल बेसला, कर्ज पाच वर्षांचं. मधली ट्रिम १०५ च्या आत मिळत असेल आणि सीट आवडली, तर तीही चालेल. हप्ता ०.१ ने वाढेल, तेवढं तुमचं गणित सोसतं.

हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेलाही हप्ता असतो, आणि तुमच्या हौसेचे हप्ते २४ आहेत. तरीही मन स्पोर्टवरच असेल तर माझी एकच अट: कर्ज पाच वर्षांचंच घ्या. हप्ता १.६ येईल. गाडी बुक करण्याआधी सहा महिने दर महिन्याला १.६ अधिक ०.८, म्हणजे २.४, वेगळ्या खात्यात टाकून बघा. सहाही महिने जमलं तर १४ च्या वर बचत वाढलेली असेल, अडीअडचणीची रक्कम दुप्पट होईल, आणि मग मी स्पोर्टला नाही म्हणणार नाही. तिसऱ्याच महिन्यात त्या खात्यातून पैसे काढावे लागले, तर उत्तर तुम्हाला मिळालेलंच आहे, मला विचारायची गरज नाही.

बायकोला हा हिशेब दाखवा, पण ‘बघ, तूच बरोबर होतीस’ एवढ्यावर सोडू नका. ५९.७ चा आकडा दोघांनी मिळून बँकेच्या कॅल्क्युलेटरवर काढून बघा. माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही.

लाल घ्यावी की राखाडी, असंही शेवटी विचारलंय. त्यात मी पडत नाही. लाल रंगाला कंपनी वेगळे पैसे लावते का आणि ते तुमच्या आकड्यांत धरलेत का, तेवढं मात्र बघा.