चाळिशी उलटल्यावर लांब पल्ल्याचा ट्रक ड्रायव्हर होता येतं का?

तुमचं लिहिणं थोडक्यात असं: वय ४५, इंदूरच्या एका औषध कंपनीच्या डेपोत नोकरी, तो डेपो बंद होतोय, कार वीस वर्षं चालवताय आणि आता ट्रकवर जायचं डोक्यात आलंय. उशीर झाला का, लायसन्सचं काय, पैसे किती मिळतात, आणि घरचे म्हणतात तसं हे वेडेपण आहे का.

उशीर झालेला नाही. मी ४३व्या वर्षी सुरू केलं. त्याआधी पीथमपूरच्या एका कारखान्यात डिस्पॅचला होतो. बिल्ट्या करायच्या, गेटपास द्यायचे, गाड्यांचे नंबर लावायचे. ट्रक रोज बघत होतो, पण खिडकीच्या आतल्या बाजूनं. बाहेरच्या बाजूला आल्यावर कळलं की कारवाल्या माणसाला ज्याची भीती वाटते, ती एवढी मोठी गाडी वळवायची, मागं घ्यायची, ते सगळं चार-सहा महिन्यांत अंगवळणी पडतं. अवघड जातं ते थांबणं. त्यावर पुढं लिहितो. आधी लायसन्सचं उरकू.

कारचं लायसन्स वर्षभर जुनं असलं की ट्रान्सपोर्ट गाडीचं लर्निंग निघतं. तुमचं वीस वर्षांचं आहे, म्हणजे प्रश्नच नाही. आठवी पासची अट २०१९मध्ये गेली. डॉक्टरांकडून फॉर्म एक-ए, म्हणजे तब्येतीचा दाखला, आणि ड्रायव्हिंग स्कूलकडून फॉर्म पाच, म्हणजे शिकल्याचा दाखला लागतो. पक्कं लायसन्स पाच वर्षांचं मिळतं, मग रिन्यू. कुणीतरी तुम्हाला सांगेल की सुप्रीम कोर्टानं कारच्या लायसन्सवर मालवाहू गाडी चालवायला परवानगी दिलीय. नोव्हेंबर २०२४चा निकाल तसा आहे खरा, पण तो ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीसाठी. छोटा टेम्पो चालवून हात बसवायचा तर उपयोगी आहे. बारा चक्क्याची, म्हणजे बारा चाकांची गाडी भरल्यावर ३६ टनांपर्यंत जाते, तिथं हेवीचं लायसन्सच लागतं.

ड्रायव्हिंग स्कूल कागद देतं. आपल्या मध्य प्रदेशात छिंदवाड्याला ड्रायव्हर प्रशिक्षणाची मोठी संस्था आहे, तिथं जमत असेल तर जरूर जा, कारण उतार, एअर ब्रेक, उलटं घेणं हे तिथं नीट पायरीनं शिकवतात. तरी खरं शिक्षण दुसऱ्या सीटवर होतं, उस्तादाच्या शेजारी. माझा उस्ताद शिरपूरकडचा, माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान, फोनवर घरी अहिराणीत बोलणारा. मला काका म्हणायचा आणि काका म्हणूनच झापायचा. ताडपत्री ताणायची, रस्सा आवळायचा, टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखायची, धूर साफ करणाऱ्या युरियाची टाकी बघायची, ही खलासीची, म्हणजे ड्रायव्हरच्या मदतनिसाची कामं मी केली. ज्या माणसाला वीस वर्षं ऑफिसात 'सर' ऐकायची सवय आहे त्यानं हे आधी मनाशी ठरवून यावं. आता पुष्कळ गाड्या एकट्या ड्रायव्हरवर चालतात, खलासी परवडत नाही म्हणून. शिकायची जागा त्यामुळं कमी झालीय. तुम्हाला ओळखीतून एखादा मालक गाठावा लागेल. देवास नाका, लसूडिया मोरी, लोहामंडी, तिकडं एखाद्या ट्रान्सपोर्टच्या मुंशीशी, म्हणजे कारकुनाशी ओळख असेल तर ती दहा जाहिरातींपेक्षा कामाला येते.

चालवण्यातली एकच गोष्ट जीव तोडून सांगतो, ती म्हणजे घाट. इंदूरहून मुंबईकडं निघालं की मानपूरनंतर गणपती घाट उतरून धामनोदला जायचं, खलघाटला नर्मदा ओलांडायची, मग ठीकरी, जुलवानिया, सेंधवा, आणि तिथून बिजासन घाट उतरला की महाराष्ट्र. गणपती घाटात ब्रेक फेल होऊन इतकी माणसं गेली की शेवटी कमी उताराचा नवा रस्ता करावा लागला. तो २०२४च्या अखेरीस सुरू झाला. बिजासनच्या पायथ्याला पळासनेर आहे. जुलै २०२३मध्ये ब्रेक गेलेला ट्रक तिथं गाड्यांना ठोकत थेट हॉटेलात घुसला होता. 'ब्रेक फेल' हा शब्द पेपरात वाचताना वाटतं काहीतरी तुटलं असेल. बहुतेक वेळा तुटत काही नाही. भरलेली गाडी वरच्या गिअरमध्ये किंवा डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडली, की वेग ब्रेकवरच पेलावा लागतो. सतत दाबून ब्रेकचे लायनर तापतात आणि तापलेला ब्रेक धरत नाही. हे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, वारंवार दाबण्यात ती हवाही खर्च होते. म्हणून उताराच्या आधीच खालचा गिअर टाकायचा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग धरणारा) लावायचा आणि पायाचा ब्रेक थोडा थोडा, सोडून सोडून वापरायचा. घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे कुठलाही जुना ड्रायव्हर सांगेल. मधेच गिअर बदलायला जाऊ नका. उतारावर खालचा गिअर पडला नाही तर गाडी मोकळी सुटते. कारची सवय इथं घातक ठरते, कारण कार कशीही उतरते.

मागचा कुणी हॉर्न मारत असेल तर मारू द्या.

आता थांबण्याबद्दल. पीथमपूर ते न्हावाशेवा किंवा भिवंडी म्हणजे सहाशे किलोमीटरच्या आसपास. मालगाडीला वेगाची हद्द ताशी ८०, भरलेली गाडी त्याहून बरीच कमी चालते, तरी रस्ता दीड दिवसात संपतो. त्यानंतर गेटवर नंबर लावायचा. माल उतरायला एक दिवस, कधी दोन, मधे सुट्टी आली तर तीन. गोदामाच्या आत ड्रायव्हरला संडास वापरू देत नाहीत, अशी गेटं मी स्वतः पाहिलीत. पाणी बाहेरच्या टपरीवरून विकत घ्यायचं. मोबाइल गेटवर जमा. मग पोच घ्यायची, म्हणजे माल मिळाल्याची सहीशिक्क्याची पावती, ती हरवली तर भाडं अडकतं. नंतर परतीचा माल मिळेपर्यंत पुन्हा थांबायचं. गाडी अडकवून ठेवल्याचे पैसे ठरलेले असतात, पण ते मिळाले तर मालकाला मिळतात.

आणि या सगळ्यात तुमचं नाव 'ए ड्रायव्हर'. वय, शिक्षण, मराठी आडनाव, सुदामानगरातलं घर, कशाचाही उपयोग नाही. जानेवारी २०२४मध्ये नव्या न्यायसंहितेतल्या हिट अँड रनच्या कलमावरून चालकांचा संप झाला, तेव्हा शेजारच्या शाजापूरच्या कलेक्टरनं भर बैठकीत एका ड्रायव्हरला त्याची औकात विचारली होती. व्हिडिओ फिरला, कलेक्टरला दुसऱ्या दिवशी हटवलं. बातमी संपली. गेटवरचा गार्ड तोच प्रश्न रोज न बोलता विचारतो, त्याची बदली होत नाही. तो स्वतः बारा तासांची ड्यूटी करतो, एवढं लक्षात ठेवलं तर राग जरा कमी येतो. ते १०६(२) कलम अजून लागू केलेलं नाही. पण अपघात झाला तर पोलिसांना कळवायचंच, मग कायदा काही असो. जमाव असेल तर थोडं पुढं जाऊन, पण कळवायचं.

शरीराचं. फॉर्म एक-ए भरताना डॉक्टर फार खोलात जात नाहीत, म्हणून तुम्ही स्वतः जा. साखर, रक्तदाब, डोळे. डोळ्यांत विशेषतः रात्री समोरच्या दिव्यानं किती वेळ अंधारी येते ते बघा. आमच्या वयात मोतीबिंदूची सुरुवात असली तर दिवसा कळतही नाही. आणि तुम्ही जोरात घोरत असाल, दुपारी बसल्या बसल्या पेंगत असाल, तर झोपेची तपासणी केल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावू नका. झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाची रात्र आठ तास पडूनही पूर्ण होत नाही. पहाटे दोन ते पाच ही वेळ सगळ्यांनाच वाईट. चहा, तंबाखू, मोठ्यानं गाणी, यानं झोप जात नाही, लांबते. गाडी ढाब्यावर लावून वीस मिनिटं डोळा लावला तर फरक पडतो. काही ढाब्यांवर 'जागं राहायची' गोळी मिळते. ती घेणाऱ्याच्या शेजारी बसू नका. कायद्याचं विचाराल तर १९६१च्या कायद्यातच दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती लिहिलेली होती. कागद छान होता.

गुडघे आणि कंबर याबद्दल मी काही लिहीत नाही, ते तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कळेल. आता नव्यानं बनणाऱ्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा आहे, पण नवशिक्याच्या हातात नवी गाडी कुणी देत नाही. मे महिन्यात धुळ्याच्या अलीकडं जुन्या केबिनमध्ये बसून बघा, म्हणजे कल्पना येईल.

पैसे. आमच्याकडं मोठ्या गाडीवर पगार वीस-पंचवीस हजारांच्या आसपास ठरतो, वर खुराकी, म्हणजे जेवणाचा भत्ता, आणि फेरीमागं काहीतरी. निघताना हातात खर्ची, म्हणजे वाटखर्चाची रक्कम देतात, परतल्यावर हिशोब. या हिशोबात नवा माणूस भरडतो. टोल फास्टॅगमधून जातो, पण पंक्चर, ताडपत्री, माथाडी, वजनकाट्याचे पैसे हे सगळं तुम्हाला पावतीनिशी दाखवावं लागतं आणि निम्म्या ठिकाणी पावती मिळत नाही. डिझेलचा ॲव्हरेज मालक रोज बघतो. भरलेल्या गाडीला लिटरमागं चार किलोमीटर पडले तर तो खूश. तुम्ही डेपोत काम केलंय, कागद नीट ठेवता येतात. ई-वे बिलाची, म्हणजे माल नेण्याच्या ऑनलाइन जीएसटी कागदाची मुदत दर दोनशे किलोमीटरला एक दिवस असते, ती संपत आली की आधीच फोन करायचा, हे पुष्कळ जुन्या ड्रायव्हरांना अजून जमत नाही. चाळिशीच्या माणसाचा फायदा कुठं असेल तर इथं. मालकाला असा माणूस हवाच असतो.

कामावर लागताना पीएफ आहे का विचारा, ईएसआय आहे का विचारा. गाडीचा विमा चालू असल्याची प्रत स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवा, कारण पगारी ड्रायव्हरला अपघात झाला तर भरपाई त्यातून येते. स्वतःचा टर्म इन्शुरन्स घ्या आणि फॉर्ममध्ये व्यवसाय खरा लिहा.

तुम्ही शेवटी सहज विचारलंय की डेपोतून मिळणाऱ्या पैशांतून स्वतःचीच गाडी घेतली तर. घेऊ नका. निदान दोन वर्षं तरी नाही. नॅशनल परमिटचे वर्षाला १६,५००, फिटनेस, विमा, वीस-पंचवीस हजारांचा एकेक टायर, असे बारा टायर आणि वर स्टेपनी, हे गणित कागदावर बसतं. परतीचा माल मिळाला नाही, पार्टीनं दोन महिने भाडं दिलं नाही, की हप्ता बसत नाही. फायनान्सवाल्यांनी ओढून नेलेल्या गाड्या बायपासवरच्या यार्डात उभ्या असतात, एकदा बघून या. माझे वडील इंदूरच्या हुकुमचंद कापड मिलमध्ये होते. १९९१मध्ये मिल बंद पडली आणि कामगारांच्या देण्याचा निकाल लागायला २०२३चा डिसेंबर उजाडला. मिळालेली रक्कम जपून ठेवायची, हे आमच्या घरात मला कुणी वेगळं शिकवलं नाही.

घरचे वेडेपण म्हणतात, त्यांचं अर्धं बरोबर आहे. मुलीची दहावी आहे म्हणता. लांब पल्ल्यावर तुम्ही त्या वर्षात घरी फारसे नसाल, आणि असाल तेव्हा झोपलेले असाल. गणपतीत मी पोहोचेन असं आधी सांगणं मी सोडून दिलंय. बायकोला बँकेचे, गॅसचे, शाळेचे सगळे व्यवहार हातात द्यावे लागतील आणि मग परत आल्यावर त्यात नाक खुपसता येणार नाही. आमच्याकडं भांडणं गैरहजेरीवरून कमी आणि या नाक खुपसण्यावरून जास्त झाली. मुलीचं वर्ष होईपर्यंत इंदूर-देवास-पीथमपूर अशी जवळची गाडी बघता आली तर बघा. पैसे कमी, पण रात्री घरी.

मग हे मी का करतो, हेही तुम्ही विचारलंय. मला चालवायला आवडतं, आणि डिस्पॅचच्या त्या खिडकीत मला आवडत नव्हतं. याहून मोठं कारण माझ्याकडं नाही.

राजीनामा द्यायच्या आधी रजा टाका आणि ओळखीच्या एखाद्या गाडीवर खलासी म्हणून न्हावाशेव्यापर्यंत जाऊन या. पावसाळ्यात गेलात तर उत्तम. लायसन्सचा फॉर्म मात्र आजच ऑनलाइन भरायला हरकत नाही. नायता मुंडल्याच्या आरटीओत जाताना आधार, जुनं लायसन्स आणि फॉर्म एक-ए यांच्या मूळ प्रती न्या, झेरॉक्सवर परत पाठवतात. काही अडलं तर खाली विचारा. मी बहुतेक कुठल्यातरी गेटवर बसलेला असेन, उत्तर मिळेल.