अली की टायसन? एक किलो कुंद्याची पैज

तुम्ही विचारलंय, ऐन भरातला मोहम्मद अली आणि ऐन भरातला माईक टायसन बॉक्सिंगच्या रिंगणात समोरासमोर आले असते तर कोण जिंकलं असतं? माझं उत्तर अली. पण लोक म्हणतात तो अली नव्हे, आणि लोक सांगतात त्या कारणानंही नव्हे.

मी बेळगावचा, वडगावात वाढलेला. आमच्याकडं बॉक्सिंग कमी आणि कुस्ती फार, तरी असले वाद लहानपणापासून कानावर आहेत. चिकोडी भागातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे 1959 साली पहिले हिंदकेसरी झाले. हरिश्चंद्र बिराजदारांनी दिल्लीच्या सतपालला 1977 साली बेळगावातच हरवलं. मग खंचनाळे आणि सतपाल एका वयाचे असते तर? एवढ्यावर तालमीबाहेर निम्मी रात्र जायची, आणि दोन्ही बाजूंचे लोक घरी जाताना आपणच जिंकलो म्हणून जायचे.

कुस्ती धरायची तर आधी जोड बघतात. इथं ‘ऐन भरातला’ ह्या शब्दातच घोळ आहे. मोबाइलवर क्लिपा बघून लोकांच्या डोक्यात जो अली तयार झालाय, त्याचे पाय 1966 चे आणि छाती 1974 ची. 14 नोव्हेंबर 1966 ला ह्यूस्टनमध्ये क्लीव्हलँड विल्यम्सला तिसऱ्या राउंडमध्ये संपवणारा अली हात कमरेजवळ सोडून नाचत होता. 30 ऑक्टोबर 1974 ला किन्शासात जॉर्ज फोरमनला आठव्या राउंडमध्ये पाडणारा अली दोरांना टेकून मार खात होता. मधे सैन्यात जायला नकार दिला म्हणून साडेतीन वर्षं त्याला रिंगणाबाहेर बसवलं होतं. हे दोन अली एकाच अंगात कधी नव्हतेच. तेव्हा एक तारीख घ्या आणि त्या दिवसाचा माणूस आणा.

टायसनची तारीख सोपी आहे, 27 जून 1988. अटलांटिक सिटी, समोर मायकल स्पिंक्स, आणि 91 सेकंदांत खेळ खलास. त्यानंतर त्यानं केव्हिन रूनी हा आपला प्रशिक्षक काढून टाकला आणि गाडी घसरली. फेब्रुवारी 1990 मध्ये टोकियोत बस्टर डग्लसनं त्याला पाडलं, ते पुरावा म्हणून पुढं करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. तसं बघायला गेलं तर 1981 मध्ये अलीला ट्रेव्हर बर्बिकनं हरवलं होतं, आणि त्याच बर्बिकला 1986 मध्ये वीस वर्षांच्या टायसननं दोन राउंडांत लोळवून जागतिक विजेतेपद घेतलं. ह्या हिशेबानं टायसन आधीच जिंकला म्हणायचं की काय!

आता बहुतेक जण 66 चा अली निवडतात. मला तिथं भीती वाटते. तो अली ठोसा आला की मान सरळ मागं घ्यायचा, हात खालीच. 1963 मध्ये लंडनला हेन्री कूपरनं डाव्या हाताच्या हूकनं, म्हणजे बाजूनं वळवून मारलेल्या ठोशानं, त्याला असंच बसवलं होतं. 1971 मध्ये जो फ्रेझरनंही पंधराव्या राउंडमध्ये डाव्या हूकनंच पाडलं. टायसनचा डावा हूक ह्या दोघांपेक्षा वेगात यायचा. कस डिमाटो ह्या गुरूनं त्याला दोन्ही मुठी गालांजवळ धरून, डोकं डुलवत, समोरच्याच्या ठोशाखालून आत शिरायला शिकवलं होतं. पाय साथ देत असेपर्यंत 66 चा अली सापडणार नाही हे खरं, पण एकदा जरी सापडला तरी संपलं.

म्हणून माझा अली 74 चा. किन्शासात त्याचं वजन सुमारे 98 किलो होतं, अटलांटिक सिटीत टायसनचं 99. वजनाची जोड तरी बरोबरीची झाली. उंचीत अली पाच इंचांनी जास्त, हाताच्या पल्ल्यात सात इंचांनी, म्हणजे वीतभराला थोडं कमी. वयात मात्र तो जवळजवळ अकरा वर्षांनी थोरला. आणि दोरांना टेकायची युक्ती टायसनपुढं चालणार नाही. फोरमनचे ठोसे लांबून, गोल फिरून यायचे. टायसनचे आखूड, खालून, थेट बरगडीत. दोरांवर अलीचा चिवडा झाला असता.

मग तो जिंकणार कसा? हे मला बॉक्सिंगवाल्यानं नाही, वस्तादांनी दाखवलं.

1990 च्या उन्हाळ्यात आम्ही पोरांनी वर्गणी काढून व्हीसीआर भाड्यानं आणला होता, सोबत टायसनच्या लढतींची कॅसेट. स्पिंक्सची लढत चहा ओतेपर्यंत संपली. मग 1987 ची ‘बोनक्रशर’ स्मिथची लागली. बारा राउंड नुसती मिठी. पोरं ‘पुढं पळव, पुढं पळव’ ओरडायला लागली. वस्ताद म्हणाले, ‘‘ऱ्हाऊ दे रे.’’ पूर्ण बघितली. मग मला मातीत बोलावलं, डावा पंजा माझ्या मानेवर ठेवला, कोपर छातीला लावलं आणि नुसतं अंग सोडलं.

‘‘हं, आता मार.’’

मारले. त्यांच्या पोटावर माझ्या मुठी पापड पडावा तशा पडत होत्या. तोंडासमोर लाल माती, नाकात तेलाचा वास, आणि मिनिटाभरात पोटऱ्या थरथरायला लागल्या. ‘‘मान गेली की कंबर जाती,’’ वस्ताद वरनं म्हणाले, ‘‘मग हात हाईत काय, न्हाईत काय. त्या बुटक्याला हेच सुचंना झालंय बघ.’’

स्मिथनं नुसतं धरलं, मारलं नाही, म्हणून हरला. 74 चा अली धरायचा आणि मारायचाही. त्या जानेवारीत फ्रेझरशी दुसऱ्यांदा लढताना तो सारखा त्याची मान खाली ओढत होता, आणि किन्शासात फोरमनचीही ओढली. आत आला की मान धर, पंचानं सोडवलं की लांबून जॅब म्हणजे सरळ ठोसा, परत आला की परत धर. टायसनला दम नव्हता असं मी म्हणणार नाही, स्मिथशी आणि टोनी टकरशी तो पूर्ण बारा राउंड लढलाय. पण स्मिथच्या लढतीत त्याच्या मानेवर पावणेतीन मण वजन लोंबकळत असताना तोंडावर कोणी जॅबही मारत नव्हतं.

माझा अंदाज असा: पहिले चार राउंड टायसनचे, त्यात अली एकदा खाली बसणार. सातव्यापासून टायसनचं डोकं डुलायचं थांबणार, आणि अकराव्या-बाराव्यात पंच लढत थांबवणार.

अट एकच, पंच कोण? मान धरणं नियमात बसत नाही. 1975 मध्ये अलीशी झालेल्या मनिलाच्या लढतीआधी फ्रेझरचा प्रशिक्षक एडी फच ह्याच मुद्द्यावर अडून बसला, आणि शेवटी फिलिपिन्सचेच कार्लोस पडिल्या पंच म्हणून उभे राहिले. पंच कडक मिळाला तर माझी निम्मी पैज गेलीच. राउंड किती, हेही ठरवून घ्या. अलीच्या काळात पंधरा होते, टायसन-स्पिंक्स लढत बाराची होती. मी निकाली कुस्ती बघत वाढलेला माणूस, पंधराच घेणार.

शहापूरचा माझा एक मित्र टायसनवाला. आमची एक किलो कुंद्याची, म्हणजे बेळगावच्या दुधाच्या मिठाईची, पैज त्या उन्हाळ्यापासून लटकलेली आहे. मधे त्याला मी 1969-70 ची गंमत सांगितली: अली आणि निवृत्त झालेला रॉकी मार्सियानो ह्यांना कॅमेऱ्यासमोर लुटुपुटुचं लढवलं आणि निकाल म्हणे कॉम्प्युटरनं दिला. अमेरिकेत दाखवलेल्या चित्रफितीत मार्सियानो तेराव्या राउंडमध्ये जिंकला, युरोपात दाखवलेल्या फितीत अली. तो म्हणाला, ‘‘मग असं करूया की, तू तुझ्या घरात जिंक, मी माझ्या.’’ गेल्या गणपतीत दोघांनीही एकेक किलो आणून एकमेकांच्या घरी दिला. त्याचा जरा जास्त खरपूस होता, पण हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.